हाताचा पंख होताना : प्राणिसृष्टीतील उड्डाणाची कथा

शाळेच्या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीविषयी लिहिले जावे, हे उचितच होय. तशा आठवणी आणि आढावे वाचकांना या अंकात इतरत्र वाचावयास मिळतील. विज्ञान शिकविण्याचे काम करणारे आम्ही येथे त्याहून पुष्कळ जुन्या एका वाटचालीविषयी लिहीत आहोत. जमिनीवर चालणारे आणि झाडांवर चढणारे जीव आकाशात कसे गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय दूरचा वाटला, तरी त्याच्या खुणा आपल्या डोक्यावर आणि पायांखाली आहेत. आणि त्यातून मिळणारा बोध आपल्या मुलांच्या शिक्षणाशी जोडलेला आहे.

पावसाळा सरत आला असता नांदेड-लातूरकडील कोणत्याही गावी संध्याकाळी आकाशाकडे पाहावे. सोयाबीनच्या रानावर चतुरांचे थवे भिरभिरत असतात. गोदावरीच्या किंवा मांजरेच्या पाण्यावरून बगळ्यांची माळ रात्रीच्या मुक्कामाच्या झाडाकडे परतत असते. दिवेलागण होताच जुन्या वाड्यांतून आणि वड-चिंचेच्या झाडांतून वटवाघळे बाहेर पडतात. पाहणाऱ्याला तिघेही पंखवाले दिसतात. परंतु त्यांचे पंख तीन निरनिराळ्या गोष्टींचे बनलेले आहेत. चतुराचा पंख म्हणजे त्याच्या शरीराच्या कठीण आवरणाचा पातळ पापुद्रा. बगळ्याचा पंख म्हणजे पिसांनी मढविलेला हात. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबच लांब बोटांवर ताणलेली कातडी. तिघांचे काम एक. घडण मात्र वेगळी.

‘पाखराला पंख कोणी दिले?’ हा प्रश्न लहान मूल केव्हा ना केव्हा विचारतेच. विज्ञानाचे उत्तर थोडक्यात असे आहे : पंख कोणी दिले नाहीत, जे अवयव आधीपासून होते, त्यांतूनच ते असंख्य पिढ्यांमधून घडत गेले. हे उत्तर पाठ करणे सोपे आहे. ते समजून घेण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते.

तरंगणे आणि उडणे

हवेतून जाणारा प्रत्येक प्राणी उडतो, असे नाही. सह्याद्रीतील आणि मेळघाटातील जंगलांत उडणारी खार आढळते. पुढच्या व मागच्या पायांमधील कातडी चादरीसारखी ताणून ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाते. गोवा आणि त्याच्या दक्षिणेकडील सह्याद्रीत उडता सरडा आहे. तो आपल्या लांब बरगड्या पसरून कातडीचा पंखा उघडतो. अरबी समुद्रातील उडते मासे पाण्यातच वेग घेऊन बाहेर झेपावतात आणि रुंद परांवर काही अंतर तरंगतात. या सर्वांना उंची किंवा वेग आधी कमवावा लागतो आणि मग तो खर्च करता येतो. हवेत असताना नवी उंची कमविणे त्यांना जमत नाही.

स्वतःच्या स्नायूंच्या बळावर पंख हलवून हवेत टिकणे, वर चढणे आणि हवे तसे वळणे, याला खरे उड्डाण म्हणतात. पंख हवेला खाली व मागे लोटतो. हवा पंखाला वर व पुढे लोटते. न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम तो हाच. मात्र हे काम अतिशय श्रमाचे आहे. त्यासाठी शरीर हलके हवे, स्नायू बळकट हवेत आणि त्या स्नायूंना सतत ऑक्सिजनचा पुरवठा हवा. म्हणूनच तरंगणारे प्राणी अनेक कुळांत निर्माण झाले. खरे उड्डाण मात्र पृथ्वीच्या इतिहासात चारच गटांनी स्वतंत्रपणे साधले. कीटक, टेरोसॉर नावाचे सरीसृप, पक्षी आणि वटवाघळे हे ते चार गट होत. त्यांपैकी तीन आपल्या संध्याकाळच्या आकाशात आजही आहेत. चौथा उरलेला नाही. त्याच्या अखेरच्या काळाशी मराठवाड्याच्या जमिनीचा कसा संबंध आहे, ते पुढे येईल.

पहिले उडणारे : कीटक

आकाशात सर्वप्रथम गेले ते कीटक. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पंख असलेल्या कीटकांचे जीवाश्म मिळतात. त्या काळी पक्षी नव्हते, वटवाघळे नव्हती, फुलझाडेही नव्हती. त्यानंतर काही कोटी वर्षांत चतुरासारखा दिसणारा मेगॅन्युरा हा कीटक होऊन गेला. फ्रान्समध्ये सापडलेल्या त्याच्या जीवाश्मावरून त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर होता, असे दिसते. म्हणजे आपल्याकडील घारीच्या निम्म्याएवढा!

कीटकांच्या पंखाची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कीटकाला सहा पाय असतात आणि बहुतेकांना चार पंख असतात. पंख मिळविण्यासाठी त्याला एकही पाय गमवावा लागला नाही. मग हे पंख आले कोठून? अलीकडे कीटक आणि कवचधारी प्राणी, म्हणजे खेकडे-झिंगे यांचे कुळ, यांच्या जनुकांची तुलना झाली आहे. त्यांच्या सामाईक पूर्वजांच्या पायाच्या मुळाशी असलेला भाग हळूहळू शरीराच्या भिंतीत सामावला गेला आणि त्यातूनच पुढे पंख घडले, असे त्यावरून अनेक संशोधक मानतात. म्हणजे येथेही नवे सामान बाहेरून आले नाही. जुनेच सामान नव्या ठिकाणी, नव्या कामी आले.

आपल्याकडे ‘मरणकाळी मुंगीला पंख फुटतात’ असे म्हणतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती गोळा होऊन सकाळी ढिगाने मरून पडलेले पंखवाले किडे पाहूनच ही म्हण पडली असावी. त्यांतले बरेचसे वाळवीचे असतात. वस्तुतः ते पंख नवे वारूळ वसविण्यासाठी असतात. वाळवीची आणि मुंग्यांची तरुण पिढी जोडीदार शोधण्यासाठी एकदाच उडते. जी मादी वाचते, ती जमिनीवर उतरताच आपले पंख गाळून टाकते आणि नव्या वसाहतीची राणी होते. मातीखालच्या आयुष्यात पंखांची अडचणच होणार असते. उड्डाण हे कायमचे भूषण नसून गरजेपुरते साधन आहे, हे मुंगीइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखविले असेल.

आणि साधन म्हणून ते किती समर्थ आहे, हे पाहावयाचे असेल तर पुन्हा त्या सोयाबीनवरील चतुरांकडे पाहावे. त्यांत पिवळसर रंगाचा, जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीचा एक भटका चतुर असतो. शास्त्रीय भाषेत त्याला पँटाला फ्लॅव्हेसेन्स म्हणतात. मालदीव बेटांवर राहून काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञांनी २००९ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मान्सून परतू लागला, की हे चतुर वाऱ्याच्या साथीने भारताकडून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे त्यांनी मांडले. जाऊन-येऊन होणारा हा प्रवास १४ ते १८ हजार किलोमीटरांचा असून तो एका चतुराच्या आयुष्यात पुरा होत नाही. अनेक पिढ्या मिळून तो पुरा करतात.

पक्षी, आणि ‘अर्ध्या पंखाचा’ प्रश्न

चार्ल्स डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यावर एक आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो : पूर्ण पंखाचा उपयोग कळतो, पण अर्ध्या पंखाचा काय उपयोग? अर्धवट पंख असलेला प्राणी उडू शकणार नाही. मग तो अर्धा पंख टिकला कसा आणि वाढला कसा?

आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक गृहीत धरले आहे : पंख आरंभापासून उडण्यासाठीच होता. प्रत्यक्ष पुरावे निराळे सांगतात.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, १८६१ साली, जर्मनीतील सोल्नहोफेन येथील चुनखडीत आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म सापडल्याचे जाहीर झाले. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याला पक्ष्यासारखी पिसे होती. पण जबड्यात दात होते, हाताला नखे असलेली तीन सुटी बोटे होती आणि सरड्यासारखी हाडांची लांब शेपटी होती. पक्षी आणि सरीसृप या दोहोंच्या खुणा एकाच देहात होत्या.

त्यानंतरचा मोठा पुरावा मिळण्यास १९९६ साल उजाडले. चीनच्या लिआओनिंग प्रांतात सिनोसॉरॉप्टेरिक्स या लहान डायनासोरचा जीवाश्म मिळाला. त्याच्या अंगावर बारीक तंतूंसारखी आद्य पिसे होती. हा प्राणी दोन पायांवर धावणारा होता. उडणे त्याला शक्यच नव्हते. पुढे त्याच परिसरातून पिसे असलेले आणखी अनेक डायनासोर उजेडात आले. म्हणजे पिसे आधी आली आणि उड्डाण नंतर आले. मग पिसांचे काम काय होते? अंगातील ऊब राखणे हे एक. जोडीदारासमोर मिरविणे हे दुसरे. आपल्याकडील मोराचा पिसारा आजही हेच दुसरे काम करतो. अंडी झाकून बसलेल्या डायनासोरांचे जीवाश्मही मिळाले आहेत. हातांवरची लांब पिसे तेथेही कामी आली असणार.

पंख जरा मोठा झाल्यावर त्याचा उपयोग काय, याचे एक उत्तर अमेरिकेतील माँटाना विद्यापीठाचे केनेथ डायल यांनी २००३ साली दिले. तितराच्या कुळातील चकोर पक्ष्यांच्या पिलांवर त्यांनी प्रयोग केले. ही पिले उडू शकत नसतात. तरी तीव्र चढ चढताना ती आपले इवलेसे पंख फडफडवितात. त्यामुळे त्यांचे पाय उतारावर घट्ट रुततात आणि ती न घसरता वर जातात. शत्रूपासून वाचण्यासाठी अर्धा पंखही पुरेसा मोलाचा असतो. प्रत्येक पिढीत ज्याचा पंख किंचित अधिक उपयोगी, त्याची पिले वाचण्याची शक्यता किंचित अधिक. कोट्यवधी वर्षे हा हिशेब चालत राहिला. अर्धा पंख कधीच ‘अर्धा’ नव्हता. त्या त्या काळी, त्या त्या कामासाठी तो पुराच होता.

या वारशातून घडलेला पक्षी आज काय करू शकतो, हे हिवाळ्यात मराठवाड्याच्या जलाशयांवर दिसते. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर पट्टकदंब हंस येतात. मध्य आशियातून येताना ते हिमालय ओलांडतात. काहींच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांनी सात हजार मीटरांहून अधिक उंचीची नोंद केली आहे. तेथील विरळ हवेत माणसाला चालणेही कठीण जाते. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, त्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि अनेक हाडे आतून पोकळ असतात. हाडांचा हा पोकळपणा डायनासोरांच्या सांगाड्यांतही आढळतो. जमिनीवर धावणाऱ्या पूर्वजांची ही मिळकत वंशजांना हिमालयावर उपयोगी पडली.

वटवाघूळ : हाताची किंमत

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आकाशातून येणारा इंद्र आणि त्याच्यासोबतचे दिव्यजन रंगविलेले आहेत. त्या कलावंताने त्यांना पंख दिलेले नाहीत. वाऱ्यावर मागे उडणारी वस्त्रे-आभूषणे आणि ढग यांतूनच वेग दाखविला आहे. त्यामुळे त्यांचे हात वाद्ये धरण्यास मोकळे राहिले. जगात अन्यत्र देवदूतांना हातही असतात आणि पाठीवर पंखही असतात. कल्पनेत हे चालते; पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या शरीरात चालत नाही. त्यांना अवयव चारच. पंख हवा असेल, तर हात द्यावा लागतो. पक्ष्यांनी तो दिला, टेरोसॉरांनी दिला, आणि आपल्या सस्तन कुळापैकी वटवाघळांनी दिला.

वटवाघळांच्या गटाचे शास्त्रीय नाव कायरोप्टेरा असे आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘हात हाच पंख’ असा होतो, आणि तो शब्दशः खरा आहे. वटवाघळाचा अंगठा लहान, सुटा आणि नखाचा असतो. त्याने ते धरते, चढते. उरलेली चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली असतात आणि त्यांवर कातडीचे दुहेरी पटल ताणलेले असते. आपल्याकडील मोठ्या फळखाऊ वटवाघळाच्या पंखांचा विस्तार सव्वा मीटरच्या आसपास असतो. तरीही त्या पंखातली हाडे ओळखू येतात. दंड, कोपर, मनगट, पाच बोटे. सारे आपल्या हातातलेच.

यातील आणखी एक गोष्ट आईच्या उदरात घडते. मानवी गर्भाचा हात प्रथम वल्ह्यासारखा चपटा असतो. बोटांच्या मध्ये पडदा असतो. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास त्या पडद्यातील पेशी मरून जातात आणि बोटे सुटी होतात. वटवाघळाच्या गर्भात हा पडदा टिकून राहतो आणि बोटे लांबत जातात. म्हणजे पंखाचा आरंभ आपणा सर्वांच्या हाताशी झाला होता. आपल्याकडे तो पुसला गेला, वटवाघळाकडे तो वाढीस लागला.

वटवाघळांचे पूर्वज कसे दिसत होते, हे सांगणारे जीवाश्म अद्याप हाती आलेले नाहीत. त्यांची हाडे नाजूक. ती सहसा टिकत नाहीत. जे सर्वांत जुने नमुने मिळाले, ते आधीच उडणारे होते. २००८ साली वर्णन झालेले, अमेरिकेतील वायोमिंग येथील सुमारे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचे ओनिकोनिक्टेरिस हे त्यांपैकीच. त्याच्या पाचही बोटांना नखे होती. आजच्या वटवाघळांत एक किंवा दोनच बोटांना ती उरली आहेत. झाडावर चढणाऱ्या पूर्वजांची ती आठवण होय. आपल्या शेजारच्या गुजरातेत, सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीतही त्याच सुमाराच्या वटवाघळांचे अवशेष सापडले असून २००७ साली त्यांच्या सात जातींची नोंद झाली. एवढ्या प्राचीन काळी एकाच ठिकाणी सात जाती असणे, हे त्यांच्या भरभराटीचे लक्षण आहे.

आज जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या पाच जातींमागे एक जात वटवाघळाची आहे. आपल्या समाजात त्यांना अशुभ मानण्याची रीत अजून गेलेली नाही. वास्तविक कीटकभक्षी वटवाघळे रात्रभर किडे टिपतात आणि फळखाऊ वटवाघळे झाडांच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. अशुभ म्हणून ज्याला हाकलले जाते, तो शेतकऱ्याचा आणि रानाचा सोबती आहे.

पायांखालची साक्ष

आता त्या नाहीशा झालेल्या चौथ्या गटाकडे वळू. टेरोसॉर हे डायनासोरांचे नातलग असलेले सरीसृप. कण्याच्या प्राण्यांत सर्वप्रथम तेच उडाले, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी. त्यांचा पंख एकाच, म्हणजे चौथ्या बोटावर ताणलेला असे. उरलेली तीन बोटे लहान आणि सुटी होती. १७८४ साली पहिल्या जीवाश्माचे वर्णन झाले, तेव्हा तो एखादा समुद्री प्राणी असावा, असा तर्क करण्यात आला होता. हा उडणारा सरीसृप आहे, हे १८०१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी ओळखले. १९७१ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सापडलेल्या क्वेत्झालकोॲटलस याच्या पंखांचा विस्तार दहा मीटरच्या घरात होता. पृथ्वीवर उडालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी तो एक.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी टेरोसॉरांचा पुरता नाश झाला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळली. त्याच काळाच्या आगेमागे भारतात लाव्हाचे महापूर येत होते. तो लाव्हा थरावर थर साचून थंड झाला आणि दख्खनचे पठार झाले. लातूर जिल्हा आणि नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग त्याच पठारावर उभा आहे. विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो, आणि कोठे कोठे दोन पाषाणांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती तयार झाली आणि नंतर दुसरा लाव्हा आला, याची ती खूण. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे संशोधनासाठी खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा तेथे या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. आपल्या घरांचे पाये, शाळेच्या भिंती आणि नदीवरचे घाट ज्या दगडाचे आहेत, तो दगड टेरोसॉरांच्या अखेरच्या काळातला आहे.

अशनी की लाव्हा, यांत कोणाचा वाटा किती, यावर संशोधकांची चर्चा चालू आहे. बहुतेकांचा कौल अशनीकडे आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. त्या संकटातून दहा मीटर पंखांचे टेरोसॉर वाचले नाहीत. वाचले ते लहान, चोचीचे, जमिनीजवळ राहणारे काही पक्षी. जंगले जळाल्यावरही मातीत उरलेल्या बियांवर त्यांनी दिवस काढले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्क्रांती म्हणजे ‘बळी तो कान पिळी’, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. आकाशाचा इतिहास तिला दुजोरा देत नाही.

शिडी नव्हे, झाड

दुसरी समजूत अशी, की उत्क्रांती ही शिडी आहे : खालच्या पायरीवर किडा, मग सरीसृप, मग पक्षी, आणि सर्वांत वर माणूस. वरील चार कथांतून दिसते ते वेगळेच. वटवाघूळ पक्ष्यांपासून झाले नाही आणि पक्षी टेरोसॉरांपासून झाले नाहीत. त्या एकाच झाडाच्या निरनिराळ्या फांद्या आहेत. उडणे ही बढती नाही आणि न उडणे ही पायउतारणी नाही. शहामृगाच्या पूर्वजांना उडता येत होते. शहामृगाने पंख राखले, उड्डाण सोडले आणि वेगवान पाय कमविले. मॉरिशस बेटावरचा डोडो हा पारव्यांच्या कुळातला. शत्रू नसलेल्या बेटावर त्याला उड्डाणाची गरज उरली नाही. माणसे आणि त्यांच्यासोबतचे प्राणी तेथे पोहोचल्यावर मात्र सतरावे शतक संपण्यापूर्वी तो नामशेष झाला. निसर्गात कोणी जन्माने वरच्या पायरीवरचा नाही आणि कोणी खालच्या पायरीवरचा नाही. प्रत्येक जण आपापल्या परिस्थितीशी जुळवून घेत आलेला आहे. उतरंडीचा जाच ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्याला या सत्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आकाश रिकामे होत असताना

कोट्यवधी वर्षांत घडलेले पंख आपल्या एका पिढीच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत. आमच्या माजी विद्यार्थ्यांतील वडीलधाऱ्यांनी लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडांचे थवे पाहिले असतील. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या आधाराने, पंख न हलविता तासन्‌तास घिरट्या घालणारा हा पक्षी. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होता आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत होती. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण गेलेली गिधाडे परत आलेली नाहीत.

आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे माळढोकांसाठी अभयारण्य आहे. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. एवढे वजन घेऊन उडताना त्याला झटकन वळता येत नाही, आणि समोरचेही नीट दिसत नाही. म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. त्याचा माळ नांगरटीखाली गेला. आज देशभरात त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे आणि महाराष्ट्रात तर ती बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

मुलांच्या हाती काय द्यावे?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीवर पाठ आहे. त्यात मानवाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर यांची चित्रे शेजारी शेजारी दिली आहेत. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. २०२३ च्या एप्रिलमध्ये देशातील १,८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्र काढून त्याबद्दल चिंता व्यक्त केली. आपल्या पुस्तकात तो पाठ आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण पाठ असणे आणि समजणे यांत अंतर आहे. लातूर आणि नांदेड ही स्पर्धा परीक्षांच्या तयारीची गावे म्हणून राज्यभर ओळखली जातात. चार पर्यायांतून एक अचूक निवडण्यात आमची मुले मागे नाहीत, याचा आम्हांला अभिमान आहे. तथापि, त्या चित्रातील हाड आणि आपल्या मनगटातील हाड एकाच पूर्वजाकडून आलेले आहे, हे ज्या मुलाला खरोखर उमगले, ते मूल ‘असे का?’ आणि ‘पुरावा काय?’ हे दोन प्रश्न आयुष्यभर विचारीत राहील. कोणाला अशुभ म्हटले जात असताना, कोणाला नीच म्हटले जात असताना आणि कोणती गोष्ट केवळ जुनी आहे म्हणून मान्य करावयास सांगितली जात असतानाही ते विचारील.

माणूसही अखेर उडाला. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंच्या विमानाने पहिली झेप घेतली, ती १२ सेकंदांची आणि सुमारे ३६ मीटरांची होती. त्यासाठी त्यांनी हात गमावले नाहीत. हातांनीच पंख तयार केले. मात्र एक भेद आहे. बगळ्याच्या पिलाला पंख जन्मतः मिळतो. माणसाचे पंख रक्तातून येत नाहीत. ते प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावे लागतात. एका पिढीने शिकविणे थांबविले, तर पुढची पिढी जमिनीवरच राहील. शाळा असते ती यासाठीच.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. घरातील मुलाचे विज्ञानाचे पुस्तक उघडावे, ते चार चित्रांचे पान काढावे आणि त्याला आपला हात त्या चित्राशेजारी ठेवावयास सांगावे. दंड, कोपर, मनगट, बोटे, अशी एकेक हाडे दोघांनी मिळून जुळवून पाहावीत. त्यावर मूल जो प्रश्न विचारील, तो टाळू नये. उत्तर येत नसेल, तर तो प्रश्न लिहून शाळेत पाठवावा; वर्गातील पुढचा तास त्या प्रश्नानेच सुरू व्हावा, अशी आमची इच्छा आहे.